आलिशान स्पोर्ट्स कारची पुढची ग्रिल : बदलावी, रंगवावी की जाळी बसवावी?

आलिशान स्पोर्ट्स कारच्या पुढच्या ग्रिलमध्ये बदल करू इच्छिणाऱ्यांपुढे साधारणपणे चार मार्ग असतात. पहिला, त्याच गाडीसाठी कंपनीनेच बनवलेली वेगळ्या धाटणीची ग्रिल बसवणे. दुसरा, स्वतंत्र उत्पादकाची ग्रिल घेणे. तिसरा, मूळ ग्रिलचाच रंग किंवा चकाकी बदलणे. आणि चौथा, मूळ ग्रिल तशीच ठेवून मोकळ्या झरोक्यांत संरक्षक जाळी बसवणे. या चौघांची तुलना बहुतेक वेळा रूप आणि किंमत एवढ्यावरच होते. माझ्या मते ती ग्रिलच्या मागे काय बसवलेले आहे तिथून सुरू व्हायला हवी, कारण एका गाडीवर अगदी निर्धोक ठरणारी ग्रिल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर, केवळ जास्तीच्या उपकरणांमुळे, सुरक्षेची एखादी यंत्रणा आंधळी करू शकते.

ग्रिलच्या मागे काय आहे?

सर्वांत नाजूक प्रश्न रडारचा आहे. पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा ज्या रडारवर चालते, ते अनेक गाड्यांत बोधचिन्हाच्या मागे किंवा ग्रिलच्या पट्ट्यांमध्ये बसवलेले असते आणि साधारणपणे 76 ते 77 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. या लहरींची लांबी हवेत जेमतेम 4 मिलिमीटर असते. म्हणून रडारसमोरच्या प्लास्टिकची जाडी, त्याचा कोन आणि त्यातला धातूचा अंश या तिन्ही गोष्टींना महत्त्व येते. मूळ झाकणाची जाडी त्या प्लास्टिकमधल्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत ठेवली, की झाकणाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी रद्द करतात आणि रडारच्या दृष्टीने ते झाकण जणू नाहीसे होते. मर्सिडीझच्या ज्या गाड्यांत रडार बोधचिन्हामागे असते, त्यांचा तारा पोकळ नसून सपाट, बंद तबकडीवर उमटवलेला दिसतो, तो याच कारणासाठी. अशा झाकणांवर नेहमीचे जाड क्रोम चालत नाही. लहरी पार जाऊ शकतील असा, इंडियमसारख्या धातूचा अत्यंत पातळ थर द्यावा लागतो. अशा जागी साधी क्रोमची तबकडी, धातूची जाळी किंवा कार्बन फायबरचा तुकडा आला, तर रडारला पुढचा रस्ता दिसणार नाही. कार्बन फायबर विद्युतवाहक आहे आणि या बाबतीत ते जवळजवळ धातूसारखेच वागते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी अनेकांच्या ध्यानात येत नाही.

कॅमेऱ्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. गाडीभोवतीचे चित्र जोडून दाखवणारा पुढचा कॅमेरा ग्रिलमध्ये असेल, तर नव्या ग्रिलमध्ये त्याची जागा नेमकी त्याच कोनात हवी. अन्यथा पडद्यावर जमिनीवरच्या रेषा जुळत नाहीत आणि पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची अचूक जुळणी, करावे लागते. काही गाड्यांत ग्रिलमागे उघडझाप करणारी शटर असतात, जी इंजिन लवकर तापावे आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून गरजेनुसार बंद होतात. ती काढली किंवा अडकली, तर नियंत्रक संगणक दोषाची नोंद करतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. म्हणून शटर वेगळ्या चौकटीत आहेत की ग्रिललाच जोडलेली आहेत, हे आधी पाहून घ्यावे.

उरतो हवेचा प्रश्न. पुढे इंजिन असलेल्या टर्बो गाडीत ग्रिलमागे वातानुकूलनाचा कंडेन्सर, रेडिएटर, टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि तेलाचा कूलर यांची दाटी असते. ग्रिलच्या मागच्या कडेला असलेल्या रबरी किंवा फोमच्या पट्ट्या आत आलेली हवा बाजूने निसटू न देता या कूलरांमधूनच नेतात. बाहेरून घेतलेल्या ग्रिलला या पट्ट्या बसत नसतील, तर तोंड मोठे असूनही थंडावा कमी मिळू शकतो. रोजच्या संथ वाहतुकीत पंखा ही उणीव भरून काढतो आणि फरक जाणवत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर सलग वेगात चालवताना मात्र तोच फरक तापमानाच्या काट्यावर दिसू लागतो.

कंपनीची दुसरी ग्रिल की स्वतंत्र उत्पादकाची?

अनेक कंपन्या स्वतःच पर्याय देतात. नोव्हेंबर 2017 मध्ये सादर झालेल्या अॅस्टन मार्टिन व्हँटेजचे तोंड सुरुवातीला जाळीदार होते. 2020 पासून तिला आडव्या पट्ट्यांची, या घराण्याची ओळख असलेली ग्रिल पर्याय म्हणून मिळू लागली. बीएमडब्ल्यूच्या 2020 मध्ये आलेल्या एम3 आणि एम4 या गाड्यांवरची उंच, उभी जोडग्रिल अनेकांना रुचली नाही, आणि कंपनीच्या एम परफॉर्मन्स या सुट्या भागांच्या श्रेणीत तिच्यासाठी चौकटीविना असलेली कार्बन फायबरची ग्रिल उपलब्ध झाली. अशा पर्यायांचा खरा गुण त्यांच्या रूपापेक्षा त्यांच्या अचूकपणात आहे. भाग क्रमांक गाडीच्या चासी क्रमांकाशी ताडून घेता येतो, रडार आणि कॅमेऱ्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, हवेच्या पट्ट्या जुळतात आणि हमीविषयी वाद उद्भवण्याची शक्यता कमी राहते. किंमत जास्त असते आणि निवड दोन-तीन धाटण्यांपुरती मर्यादित असते, हे दोन तोटे मान्य करावे लागतात. शिवाय एक सापळाही आहे. मॉडेलच्या मध्यावर नवे रूप आले की बहुधा बंपरही बदलतो, आणि मग नव्या वर्षाची ग्रिल जुन्या बंपरवर बसत नाही.

स्वतंत्र उत्पादकांच्या ग्रिलमध्ये सर्वाधिक मागणी उभ्या पट्ट्यांच्या पॅनअमेरिकाना धाटणीला आहे. 1952 मध्ये मेक्सिकोतील करेरा पॅनअमेरिकाना ही शर्यत जिंकणाऱ्या मर्सिडीझ 300 एसएलची आठवण जपणारी ही रचना एएमजी या मर्सिडीझच्या वेगवान गाड्यांच्या शाखेच्या 2016 च्या जीटी आर या गाडीने रस्त्यावर आणली आणि पुढे ती एएमजीच्या इतर गाड्यांवर पसरली. तशीच ग्रिल साध्या मर्सिडीझवर लावण्यात मला वावगे वाटत नाही, कारण रूपाची आवड हे पुरेसे कारण आहे. मात्र या वर्गात दर्जाचा पल्ला फार मोठा आहे. चांगली ग्रिल साच्यात दाबाखाली ओतलेल्या एबीएस किंवा ऊन अधिक सोसणाऱ्या एएसए प्लास्टिकची असते, तिच्या मागे आधाराच्या फासळ्या असतात आणि मूळ ग्रिलला जितक्या क्लिपा आहेत तितक्याच क्लिपांची सोय तिला असते. हलक्या दर्जाची ग्रिल छायाचित्रात अगदी तशीच दिसते, पण बसवताना एका टोकाला फट राहते आणि दुसऱ्या टोकाला बंपरचा रंग घासला जातो. म्हणून विक्रेत्याकडे समोरचे नव्हे, तर मागच्या बाजूचे छायाचित्र मागावे. पारख तिथेच होते. आपल्या गाडीत रडार किंवा कॅमेरा असेल, तर ग्रिल त्या उपकरणासह चालते असे लेखी घ्यावे, आणि तसे लिहून मिळत नसेल तर ती ग्रिल सोडून द्यावी.

कार्बन फायबरच्या ग्रिलबद्दल स्पष्टपणे सांगायला हवे. तिच्यामुळे वाचणारे वजन इतके थोडे असते, की चालवताना ते जाणवणे शक्य नाही. ती घ्यावी ती विणीच्या सौंदर्यासाठी. तेव्हा अतिनील किरणे रोखणारा पारदर्शक थर आहे का हे जरूर विचारावे, कारण तो नसेल तर कार्बनचे तंतू बांधून ठेवणारी एपॉक्सी राळ उन्हाने पिवळी पडते. कार्बन आणि अॅल्युमिनियमचे स्क्रू थेट टेकले आणि त्यांत ओल शिरली, तर अॅल्युमिनियम गंजत जाते, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा मध्ये विद्युतरोधक वॉशर वापरावेत. अॅल्युमिनियमच्या जाड सळयांतून कोरून काढलेल्या ग्रिल भक्कम दिसतात. परंतु पादचाऱ्याला धक्का बसला तर प्लास्टिक वाकते किंवा तुटते आणि जाड धातू तसे करत नाही, शिवाय किरकोळ धडकेत तो घाव मागच्या कूलरकडेही जाऊ शकतो. टोकदार कडांची धातूची ग्रिल मी कोणत्याही गाडीसाठी सुचवणार नाही.

मूळ ग्रिलचाच रंग बदलायचा असेल तर

क्रोमची चमक नको, काळी ग्रिल हवी, एवढीच इच्छा असेल तर पूर्ण ग्रिल बदलण्याची गरज नसते. इथे रंगकाम, रॅप (चिकटणारी रंगीत फिल्म) आणि पावडर कोटिंग (भुकटीचा भाजून बसवलेला लेप) ही तीन नावे पुढे येतात, पण त्यांतले शेवटचे बहुतेक गाड्यांसाठी बादच होते. पावडर कोटिंग साधारण 160 ते 200 अंश सेल्सियसला भाजावे लागते आणि एबीएस प्लास्टिक 105 अंशांच्या आसपासच मऊ पडते. ग्रिल खरोखर धातूची असेल तरच हा मार्ग खुला आहे, आणि तेव्हा मात्र टिकाऊपणात त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

प्लास्टिकवरचे क्रोम हे तांबे, निकेल आणि क्रोमियम यांच्या थरांचे बनलेले असते. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थेट मारलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो. कारागिराने आधी पृष्ठभाग घासून खरखरीत करणे, रंग धरून ठेवणारा प्रायमर देणे आणि मग रंग व त्यावर पारदर्शक लेप देणे आवश्यक असते, आणि खर्चाचा मोठा वाटा याच पूर्वतयारीचा असतो. तरीही एक मर्यादा राहतेच. ग्रिल ही गाडीवर सर्वाधिक खडे झेलणारी जागा आहे, आणि क्रोमवरच्या काळ्या रंगाचा टवका उडाला की आतले चंदेरी क्रोम ठिपक्यांसारखे चमकते. ज्यांची गाडी महामार्गावर जास्त धावते, त्यांनी म्हणूनच मुळातच काळ्या प्लास्टिकची ग्रिल मिळते का ते आधी शोधावे.

रॅप हा परत फिरता येण्याजोगा मार्ग आहे. ग्रिलच्या रुंद बाह्य चौकटीवर तो सुरेख बसतो. अरुंद पट्ट्यांवर मात्र फिल्म मागे दुमडायला जागा मिळत नाही, आणि दाबाच्या पाण्याने धुताना तिच्या कडा उचलल्या जातात. काळा रंग आपल्या गाडीला शोभेल का, एवढेच काही महिने पाहायचे असेल, तर चौकटीपुरता रॅप हा सर्वांत समंजस पहिला टप्पा आहे. रंगकाम असो वा रॅप, रडारसमोरच्या झाकणाला हात लावू नये. जास्तीचा प्रत्येक थर त्याची जाडी बदलतो, आणि धातूचे कण असलेल्या रंगाने अडथळा आणखी वाढतो.

संरक्षक जाळी

इंजिन मध्यभागी किंवा मागे असलेल्या गाड्यांत चित्र पालटते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पोर्शे 911 पाण्याने थंड होऊ लागली, तेव्हापासून तिचे रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे, दोन्ही कोपऱ्यांत आले आहेत आणि त्यांच्या समोर कंडेन्सर असतात. बंपरच्या मोकळ्या तोंडांतून आत गेलेला पालापाचोळा तिथे साचतो, ओला राहतो आणि कंडेन्सर गंजवतो. अशा गाडीसाठी तोंडाशी बसवलेली जाळी हा केवळ शोभेचा बदल राहत नाही. चारही मार्गांत खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोग याच मार्गाचा आहे असे मला वाटते, आणि त्याचा विचार सर्वांत कमी केला जातो याची खंतही वाटते.

जाळी निवडताना मोकळ्या जागेचे गणित करता येते. चौकोनी विणीत छिद्राच्या रुंदीला छिद्र अधिक तार या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. 10 मिलिमीटरचे छिद्र आणि 1.5 मिलिमीटरची तार असेल तर सुमारे 76 टक्के जागा मोकळी राहते. 6 मिलिमीटरचे छिद्र आणि 2 मिलिमीटरची तार असेल तर ती 56 टक्क्यांवर येते. बारीक वीण देखणी दिसते, पण किडे आणि चिखल यांनी लवकर भरते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी मोकळ्या विणीकडे झुकावे, आणि खडीच्या रस्त्यांवर नेहमी चालवणाऱ्यांनी थोडी घट्ट वीण घेऊन ती वारंवार धुवावी. धातूमध्ये 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील मॉलिब्डेनममुळे मीठ आणि समुद्राची हवा 304 दर्जापेक्षा चांगली सोसते. अॅल्युमिनियमची जाळी स्वस्त आणि वाकवायला सोपी असली, तरी खड्यांनी तिला पोचे पडतात. जाळी कूलरच्या पातळ पत्र्यांना टेकणार नाही इतके अंतर ठेवावे, कारण कंपनाने तार तिथे घासत राहते आणि अखेरीस गळती होते.

बसवताना

अनेक गाड्यांत ग्रिल काढण्यासाठी पूर्ण बंपर उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीचा अंदाज भागाच्या किमतीआधी घ्यावा. एकदाच वापरायच्या क्लिपा नव्या मागवाव्यात. रडार किंवा त्याचा कंस हलवला गेला असेल, तर कॅलिब्रेशन झाल्याचा कागद घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. गाडी भाडेकरारावर असेल, तर रंगकामासाठी मूळ ग्रिल देऊच नये; वापरलेली दुसरी मूळ ग्रिल विकत घेऊन ती रंगवावी आणि पहिली तिच्या सर्व क्लिपा आणि पट्ट्यांसह जपून ठेवावी. गाडी स्वतःची असली तरी हीच पद्धत बरी, कारण पुढचा खरेदीदार बहुधा मूळ ग्रिलविषयी विचारतोच.