वॉटर प्युरिफायरचा घरपोच डेमो, विश्रामबाग, सांगली : वेळेला ५ स्टार, बोलण्याला १

कंपनीचं नाव टाकत नाही. आरओ (पाण्यातले क्षार काढून टाकणारा प्युरिफायर) घ्यायचा का नाही हे ठरवायला फोन केलेला, पोरगा सांगितलेल्या वेळेला हजर, बोलायला गोड, वहिनी वहिनी करत होता, तक्रार एवढीच की तासभर जे काय बोलला त्यातल्या एकाही वाक्यातनं मशीन घ्यावं असं काही निघत नव्हतं.

आधी टीडीएस मीटर काढला. नळाच्या पाण्यात २०० च्या आसपास आकडा आला आणि हा लगेच, "बघा वहिनी, हे पाणी पोरांना पाजताय तुम्ही." अरे पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. आणि जंतू त्या मीटरला कळतच नाहीत, म्हणजे मोजलं एक आणि घाबरवलं दुसऱ्यानंच.

मग मेन आयटम. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं आरओचं, दोन्हीत सळ्या सोडून करंट दिला. नळाचं पाणी मिनिटाभरात चॉकलेटी, वर फेस, आरओचं स्वच्छ. सासूबाई "अगं बाई" करून मागंच सरकल्या. मी म्हटलं थांबा, तुमच्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकते, आता लावा परत. नको नको म्हणत होता पण लावलं, आणि तेपण चॉकलेटी झालं! कारण तो रंग घाणीचा नसतोच ओ, सळई लोखंडाची, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि सळईच विरघळून गंज सुटतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, मग करंट वाहणार कशानं.

इथनं पुढं गाडी घसरली. समोरच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी घेतलंय. (बरं मग?) एका मोठ्या डॉक्टरांकडं आमचंच आहे. कसले डॉक्टर, तर दातांचे. एका काकूंनी मशीन बसवलं आणि महिन्यात गुडघे दुखायचे थांबले, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. "पोरांची तब्येत महत्त्वाची का पैसे?" जसं काय मधे पाणी उकळणं, यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा, क्षार न काढणारा प्युरिफायर) वगैरे काही अस्तित्वातच नाही. २०१९ च्या महापुराची आठवण पण काढली, पुराच्या पाण्याची भीती खरीच आहे पण ती जंतूंची, टीडीएसची नाही. वाया किती पाणी जातं विचारलं तर, "वहिनी तुम्ही सायन्सच्या का?" मी कुठल्याही साइडची असेन, लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत जातं का नाही ते सांग ना! शेवटी म्हणतो, हे पाणी चांगलंय हे तुम्ही सिद्ध करा. वस्तू विकायला आलायस तू आणि पुरावा मी द्यायचा?

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला हेत्वाभास म्हणतात, दिसायला कारण पण कारण नसतंच. पाच प्रकार सांगितलेत, या पोरानं चहा यायच्या आत बहुतेक सगळे संपवले असतील.

एक मात्र आहे, तो चुकीचं बोलला म्हणून आरओच फालतू असं मी म्हटलं तर ती माझीपण तसलीच गफलत होईल. बोअरचं खारट पाणी असेल, टीडीएस हजारावर जात असेल तर आरओच लागतो, तिथं यूव्हीचा उपयोग नाही. पण नदीचं पाणी येतंय आणि आकडा ५०० च्या आत आहे तर कशाला? हरित लवादानं पण २०१९ मध्ये असल्या ठिकाणी आरओवर बंदी आणा म्हणून सरकारला सांगितलेलं.

आम्ही शेवटी दुसरीकडनं साधा यूव्ही घेतला, निम्म्याहून कमी पैशात. डेमो मोफत आहे, बोलवायचं तर बोलवा, फक्त एएमसीचा (वर्षाच्या देखभालीचा) खर्च, फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा आणि किती पाणी वाया जातं हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तर आकड्यात मागा. फोन मात्र अजून येतायत, ऑफर आजच संपतेय म्हणून, रोज.