‘ऑटोक्रॉस सेटअप’, एक लाख सोळा हजार: एका बिलाची चिरफाड

बिल कच्चं, वहीच्या फाडलेल्या पानावरचं. कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) ७८,०००, फिटिंग १२,०००, डँपर डायनो टेस्ट (शॉकअपचा जोर यंत्रावर मोजणं) १०,०००, कॉर्नर बॅलन्सिंग (चार चाकांवरचं वजन जुळवणं) ८,०००, कँबर बोल्ट ४,५००, अलाइनमेंट ३,५००. एकूण १,१६,०००. गाडी २००८ ची पेट्रोल स्विफ्ट. मालक सिंहगड रस्त्यावर राहणारा, नोकरी सांभाळून ऑटोक्रॉसला उतरू पाहणारा. गॅरेजही पुण्यातलंच. त्या सहा ओळींतली एकही धड निघाली नाही, आणि त्या पकडायला वजनकाटा, दोरी, व्हर्निअर आणि जॅक यापलीकडे फारसं काही लागलं नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. तेच बोलणं, तीच प्रिंटआउट पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवली जाणार.

खरी मेख बिलाच्या आधीच होती, ‘ऑटोक्रॉस’ या शब्दात. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून, घड्याळाविरुद्ध एकेकट्याने मारलेली फेरी. आपल्याकडे ते बहुतेक मातीवर होतं. इंटरनेटवरचे सगळे ‘ऑटोक्रॉस सेटअप’ डांबराचे असतात आणि गॅरेजवाल्याने तेच दाखवून किट गळ्यात मारलं. डांबरावर गाडी खाली घेतात, स्प्रिंग कडक करतात, पुढे उणे अडीच-तीन अंश कँबर, म्हणजे चाकाचा वरून आत कल, देतात. मातीवर चाकाला वर-खाली भरपूर जागा हवी, स्प्रिंग त्यामानाने मऊ हवी, कँबर उणे एक-दीड अंश पुरतो, आणि गाडी मूळ उंचीच्या खाली तर अजिबात नको. या स्विफ्टचा कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. गॅरेजने तो १२५ वर आणून ठेवला आणि वर ‘स्टान्स’ची, म्हणजे खाली बसलेल्या ऐटीची, तारीफ करून घेतली. पाषाणच्या स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासला तेव्हा मालकाला पहिली शंका आली. स्पीडब्रेकरचे आभारच मानायला हवेत.

इतकी खाली घेतलेली मॅकफर्सन स्ट्रटची (पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली) गाडी दिसायला चपळ, वळायला आडमुठी. चाक खालून धरणारा लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला असेल तर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि स्प्रिंग कडक असूनही गाडी अधिक झुकू पाहते. स्टिअरिंगचा टाय रॉड आणि आर्मचे कोन जुळत नाहीत, म्हणून खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग न फिरवता टो, म्हणजे चाकाचं तोंड आत की बाहेर हे, बदलतो. आणि बंप स्टॉप, म्हणजे दांड्यावरचा शेवटचा रबरी अडथळा, आधीच टेकायला आलेला असतो. तो टेकला की स्प्रिंगचा हिशोब संपला, चाक दगडासारखं उडतं. जॅक न लावता, गाडी जमिनीवर उभी असताना स्ट्रटच्या दांड्यावर बंप स्टॉप आणि शॉकअपची बॉडी यांच्यात किती जागा उरली ते मोजायचं. इथे ती १८ मिलिमीटर होती. मातीच्या ट्रॅकसाठी ही थट्टा झाली.

आता स्प्रिंग. खोक्यावर ‘५ किलो’ असं स्टिकर. म्हणजे एक मिलिमीटर दाबायला पाच किलो. स्टिकर कोणीही छापतं, तारेची जाडी बदलता येत नाही. तारेची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा चौथा घात करा, त्याला १००० ने गुणा. वेढ्याचा सरासरी व्यास घ्या, म्हणजे आतला व्यास अधिक एक तारेची जाडी, आणि त्याचा घन करून चालू वेढ्यांच्या संख्येने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर किलो प्रति मिलिमीटर. स्प्रिंग पोलादाला हा हिशोब व्यवहारापुरता अचूक बसतो. टोकाचे टेकलेले वेढे मोजायचे नाहीत, तिथेच लोक चुकतात. या स्प्रिंगचा आतला व्यास ६० मिलिमीटर, वेढे सहा. तार १० ची असती तर उत्तर ४.९ आलं असतं, म्हणजे स्टिकर खरं. व्हर्निअरने तार ११ ची निघाली आणि उत्तर ६.८. एका मिलिमीटरचा फरक नजरेला कळत नाही, पण चौथ्या घातात तो चाळीस टक्के होतो.

हिशोबावर भरवसा नसेल तर भोसरीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. खाली दीडशे किलोचा न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर जाड लोखंडी पाटी, त्यावर स्प्रिंग. आधी ५ मिलिमीटर दाबून बैठक घट्ट करायची, आकडा लिहायचा. मग आणखी १५ मिलिमीटर दाबायचं. इथे ३५ वरून १३८ किलो झाले. १०३ भागिले १५, म्हणजे ६.९. प्रेसवर स्प्रिंगच्या भोवती पाइपचा तुकडा किंवा साखळी घातल्याशिवाय हा प्रयोग करू नका. निसटलेली स्प्रिंग दात पाडते.

मागच्या बाजूला तर किटच नव्हतं. या गाडीत मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, त्यामुळे आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सहसा दिसत नाही. मूळ कंपनीच्या स्प्रिंगचाच एक वेढा कापून वर लाल रंग मारला होता. कापलेलं टोक ग्राइंडरने सरळ कापल्यासारखं दिसतं, कंपनीचं टोक घडवलेलं असतं. सहा चालू वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, शिवाय लांबी घटते. मागची चाकं जॅकवर लोंबकळत ठेवली तर ही स्प्रिंग हाताने गरगर फिरत होती. म्हणजे उंचवट्यावरून गाडी उडाली की स्प्रिंग बैठकीतून सटकू शकते. गॅस कटरने कापली असती तर आणखी वाईट: तिथलं पोलाद मऊ पडतं आणि गाडी चार-सहा महिन्यांत एका बाजूला बसते. घरी करायची तपासणी एवढीच. चारही चाकं हवेत, आणि एकही स्प्रिंग हाताला हलता कामा नये.

डँपर डायनोचा कागद रंगीत, छान होता. खऱ्या डायनो शीटवर प्रत्येक शॉकअपचा नंबर असतो आणि चार शॉकअपचे चार आलेख. प्रत्येकात दांड्याच्या वेगाप्रमाणे दाबाचा आणि ओढीचा जोर वेगळा दाखवलेला, मीटर प्रति सेकंद आणि न्यूटन किंवा किलोमध्ये, आणि कितव्या क्लिकवर मोजलं तेही. इथे चौघांना मिळून एक आलेख, आडव्या अक्षावर एककच नाही. मागचे शॉकअप तर मूळचेच, नुसते रंगवलेले. मग ते कोणी, कुठे तपासले?

पुढच्या शॉकअपवर ‘३२ क्लिक’चा नॉब होता. घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून उलट मोजायचं. दोन्ही बाजूंचा आकडा जुळला पाहिजे आणि टोकाला नॉब अडला पाहिजे. उजव्याला ३१ आले. डावा कुठेच अडेना, फिरतच राहिला. आत तेलाची वाट कमी-जास्त करणारी सुईच नसावी असा संशय घेऊन शॉकअप काढला. बॉडी वर शिकंजात पकडून दांडा खाली, तो पूर्ण आत दाबायचा, टोकाला दहा किलोचं वजन टांगायचं आणि शंभर मिलिमीटर बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. एकदा पूर्ण मऊ, एकदा पूर्ण कडक. किती सेकंद याला फारसा अर्थ नाही, दोन्हींतला फरक पाहायचा. उजव्यात तो स्पष्ट होता, डाव्यात शून्य. हाताने आत दाबलेला गॅस शॉकअप आपला आपण सावकाश बाहेर यायला हवा. डावा जिथल्या तिथे राहिला, म्हणजे गॅसही गेलेला. जुना शॉकअप भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून रंगवला की असाच होतो. बुडाशी रंगाखाली वेल्डिंगचा ठिपका बोटाला लागतो.

कॉर्नर बॅलन्सिंगचा कागद पाहून हसू आवरेना. चारही चाकांवर २५०, २५०, २५०, २५०. इंजिन पुढे, चालवणारी चाकंही पुढे, अशा गाडीत पुढच्या दोन चाकांवर मिळून साठ टक्क्यांच्या आसपास वजन असतं. ते मागच्याइतकं करायचं तर इंजिन डिकीत ठेवावं लागेल. शिवाय बेरीज बरोबर हजार, जी रिकाम्या गाडीच्या जवळपास. मग ड्रायव्हर कुठे बसला होता? हे काम खरंच करतात तेव्हा चार काटे एका पातळीत असतात, हवा ठरलेली, पेट्रोल ठरलेलं, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाची पोती, डावं-उजवं चाक जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारची एक लिंक सुटी. बघायचा आकडा म्हणजे उजवं पुढचं अधिक डावं मागचं, भागिले एकूण. तो निम्म्याच्या जवळ आणायचा. पुढे-मागे आणि डावं-उजवं हे प्रमाण कॉइलओव्हरची उंचीची रिंग फिरवून बदलत नाही, ते बदलायला बॅटरी, सीट अशा वस्तू हलवाव्या लागतात. या गॅरेजमध्ये काटेच नव्हते. पैसे देण्याआधी ‘काटे दाखवा’ म्हटलं असतं तर आठ हजार वाचले असते.

कँबर बोल्ट म्हणजे स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा लोखंडी तुकडा) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी बसणारा, पोटाला विकेंद्री फुगवटा असलेला बोल्ट. त्याच्या डोक्याशी खुणा असतात. इथे बोल्ट कंपनीचेच, फक्त स्ट्रटचं वरचं भोक कानशीने लांबट केलेलं. खड्ड्यात चाक आपटलं की ते घसरतं. डाव्या चाकाचा कँबर उणे २.१, उजव्याचा उणे ०.७, आणि स्टिअरिंग सोडलं की गाडी उजवीकडे ओढ घेते. मोजणं सोपं आहे. सपाट जागा, वरून ओळंबा, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर. पंधरा इंची रिमला कडेपासून कडेपर्यंत साधारण ४०० मिलिमीटर धरा. त्यात सात मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश.

अलाइनमेंटच्या प्रिंटआउटवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने, सगळं हिरवं. पण मागचा कँबर उणे ०.८ वरून उणे १.५ झालेला. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकाला कँबर बदलायला स्क्रूच नसतो. हबमागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते आणि ती घातलेली नव्हती. म्हणजे प्रिंट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची. प्रिंटवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आहे का ते बघा. काम सुरू करताना चाकांवर टार्गेट (मापाच्या पाट्या) लावून गाडी पुढे-मागे लोटली की नाही तेही बघा. न लोटता घेतलेल्या मापात रिमची वाकडाई शिरते. टोसाठी घरी दोन्ही बाजूंना मासेमारीची दोरी गाडीला समांतर ताणायची आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून अंतर मोजायचं. मातीवर पुढे शून्य ते एकूण दोन मिलिमीटर टो-आउट पुष्कळ.

फिटिंगचा दोष लगेच दिसला नाही. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना आवळले होते. रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली उतरली की कायमचं पिळलेलं राहतं. गाडी एक-दोन सेंटिमीटर उंच बसते, चरचरते आणि बुश काही हजार किलोमीटरांत फाटतो. शेवटचा आवळ चाकं जमिनीवर असताना, टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यावर.

कागदाचं थोडक्यात. सत्तर हजार आगाऊ, यूपीआयने, गॅरेजच्या नव्हे तर कुणाच्या तरी खाजगी खात्यावर. बिलावर जीएसटी नंबर नाही. तो पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. ‘एआरएआय पास’ असंही तोंडी सांगितलं होतं. गाड्या आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणपत्र देणारी ती संस्था वेताळ टेकडीवर आहे, पण टेकडी जवळ असली म्हणून किट पास होत नाही. प्रमाणपत्राची प्रत मागा. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था) स्पर्धेत उतरायचं तर त्या वर्गात काय बदलायला परवानगी आहे ते किट घेण्याआधी वाचा. आणि गाडी रोजच्या रस्त्यावरचीच असेल तर गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ध्यानात असू द्या.

मालकाने सगळी मापं फोटोसकट लिहून पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, हे त्याने नोटिशीतच लिहिलं होतं. तेराव्या दिवशी साठ हजार परत आले. मजुरी आणि ‘टेस्ट’चे पैसे देणार नाही म्हणाले, त्याची तक्रार चालू आहे.

गाडीत आता मूळ लांबीचे नवे शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा आहेत, नाना पेठेतून पक्क्या बिलावर घेतलेल्या. पुढे खरे कँबर बोल्ट, दोन्हीकडे उणे १.२, क्लिअरन्स पुन्हा १७०. काढलेले जुने भाग परत द्या असंही नोटिशीत लिहिलं होतं. गॅरेजने गोणीत घालून दोन स्ट्रट पाठवले. त्यातला एक स्विफ्टचा होता, दुसरा अल्टोचा.