मेसेजपॅक: पायथनचे बाइट नोडपर्यंत जसेच्या तसे

तीन महिने झाले पायथन आणि नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) यांच्यात फोटोंची देवाणघेवाण करायला मेसेजपॅक (डेटा बाइटमध्ये बांधून पाठवायचा फॉरमॅट) वापरतोय, लिहायचं राहूनच जात होतं. आधीच सांगतो, मला जाम आवडलंय, आणि का ते कळायला आधीचे हाल ऐकावे लागतील.

आमच्याकडे जुन्या कागदांचे स्कॅन येतात. नोड ते घेतो, मराठी शीर्षकासकट पायथनला देतो, पायथन कडा कापून फोटो परत पाठवतो, सगळं पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्यात. पहिल्यांदा परत आलेला एकही फोटो उघडेना. फायलीचे बाइट हेक्समध्ये (१६ च्या पायातल्या आकड्यांत) बघितले तर जेपेगच्या सुरुवातीला एफएफ डी८ एफएफ ई० असायला हवं, तिथे ईएफ बीएफ बीडी, ईएफ बीएफ बीडी असं चार वेळा. नोडमध्ये मी येणारा चंक (डेटाचा तुकडा) सरळ स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, जोडत होतो, मग नोड ते यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) समजून वाचतो आणि जो बाइट कळला नाही त्याच्या जागी ते चौकोनातलं प्रश्नचिन्ह ठेवतो, जे स्वतः ३ बाइटचं. मूळ बाइट गेला तो गेलाच, परत मिळत नाही.

मग बेस६४ केलं, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत बदलून पाठवले. चालतं, तक्रार नाही, पण ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे ३ एमबीच्या स्कॅनला ४ एमबी. म्हणून स्वतःच आधी लांबी, मग डेटा असं लिहायला घेतलं, इंग्रजी शीर्षकांवर मस्त चाललं आणि पहिल्या देवनागरी शीर्षकाला पायथनने डीकोड एरर फेकली. 'मराठी'ची लेंग्थ जावास्क्रिप्ट ५ सांगतं, यूटीएफ-८ मध्ये बाइट १५. पायथनने ५ बाइट उचलले, म्हणजे अख्खा म आणि र चे दोन तुकडे, आणि उरलेले १० फोटोत घुसले. अर्धा दिवस गेला हे सापडायला.

सादायुकी फुरुहाशी यांनी बनवलेल्या मेसेजपॅकमध्ये हा गोंधळच नाही, कारण स्ट्रिंग वेगळी आणि बायनरी (कच्चे बाइट) वेगळी, आणि पहिल्याच बाइटवर ते कळतं. 'मराठी' एएफ ने सुरू होतं, म्हणजे पुढे १५ बाइटची स्ट्रिंग. फोटो सी४, सी५ नाहीतर सी६ ने, मग लांबी बाइटमध्येच, मग डेटा अजिबात हात न लावता. ३ एमबीच्या स्कॅनला वरचा खर्च फक्त ५ बाइट!

आता जपायचं कुठे. बायनरीचा हा वेगळा प्रकार २०१३ मध्ये आला, त्याआधी सगळं एकाच प्रकारात जायचं. पायथनच्या लायब्ररीत १.० पासून, म्हणजे २०२० पासून, तो आपोआप चालू असतो. एका बाजूला जुनी आवृत्ती राहिली की फोटो पुन्हा स्ट्रिंग म्हणून जातो आणि तेच रडगाणं सुरू, तेव्हा दोन्हीकडच्या आवृत्त्या आधी बघा. दुसरं, पाइपमधून मेसेज एका घासात येत नाही, तुकड्यांत येतो, त्यासाठी पायथनमध्ये अनपॅकर आहे, चंक भरवत जायचं, पूर्ण झाला की तो मेसेज हातात देतो, फार सुंदर काम करतो. तिसरं, जावास्क्रिप्टमध्ये बायनरी युइंट८ॲरे (बाइटची यादी) म्हणून मिळते, तिला नोडचा बफर धरून टूस्ट्रिंग मारलं तर २५५,२१६,२५५ असे स्वल्पविरामवाले आकडे येतात, आधी बफर-फ्रॉममधून काढा. आणि ६४ बिटचे मोठे आयडी साध्या नंबरमध्ये २ च्या ५३ व्या घातापुढे बिघडतात, आम्ही ते सरळ स्ट्रिंग करून पाठवतो.

एक उणीव मान्य, जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटसारखं लॉग उघडून डोळ्यांनी वाचता येत नाही. त्यामुळे सेटिंगच्या फायली आम्ही जेसनमध्येच ठेवल्यात, फोटो तेवढे मेसेजपॅकने.

तुम्ही बसवलंत तर पहिली टेस्ट ही करा: ० ते २५५ सगळे बाइट एकदा पायथनकडून नोडला, तिथून परत पायथनला, आणि दोन्ही टोकांचा शा-२५६ (डेटावरून काढलेला ठसा) जुळवून बघा, सोबत एक देवनागरी शीर्षक नक्की पाठवा.