सीएसआर निधीच्या नावाखाली गेलेले १,७३,४०० रुपये

मी आमच्या रुग्णसेवा न्यासाचा खजिनदार आहे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात २९ वर्षे नोकरी केली, लोकांच्या देयकांतल्या पाच-पाच रुपयांच्या चुका काढून ती परत पाठवली, आणि निवृत्तीनंतर न्यासाचे पैसे स्वतःच्या सहीने एका भामट्याच्या खात्यात भरले.

वाघोटण खाडीच्या काठावरच्या वाड्यांसाठी आम्ही एक जुनी रुग्णवाहिका चालवतो. डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याबाहेर नेणे हे तिचे मुख्य काम. डिझेल, चालकाचा पगार आणि विमा हे सारे मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीवर आणि शिमग्यात जमणाऱ्या देणग्यांवर भागते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्च करावी लागते, हे आता खेड्यातल्या संस्थांनाही पाठ आहे. आमच्याकडे आयकर सवलतीच्या १२ए व ८०जी नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद आणि सीएसआर निधी घ्यायला लागणारा सीएसआर-१ चा क्रमांक, सगळे होते. त्या भामट्याला आमची माहिती बहुधा दर्पणवरूनच मिळाली असावी, कारण तिथली संस्थांची माहिती कोणालाही पाहता येते. तेव्हा तुमच्या संस्थेबद्दल कोणी फोनवर घडाघडा बोलू लागला, तर त्याला कोणी पाठवले असेल असे समजू नका.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा पहिला फोन आला आणि जानेवारीत तो स्वतः आला. एका कंपनीकडून रुग्णवाहिका आणि तीन डायलिसिस यंत्रे, असे ४२ लाखांचे काम होईल, असे त्याने सांगितले. दवाखान्याची खोली त्याने टेपने मोजली, पाण्याचा दाब विचारला, रुग्णवाहिकेचे चारही बाजूंनी फोटो काढले. आमच्या एका रुग्णाच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवून त्याने आतली थरथर पाहिली. तेव्हा ती बाई म्हणाली, "मशीन हयसर इलां तर पहाटेच्या येस्टीक धावाक नको." तिच्यासमोर मान डोलावणारा माणूस चोर असेल, असे त्या क्षणी कोणाच्या मनात आले असते?

मी हावरट नव्हतो, हे ठासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका दलालाने निधीतले ३० टक्के रोखीने परत मागितले होते, तेव्हा आम्ही त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावले होते. हा मात्र रोख घेत नव्हता आणि प्रत्येक रकमेचे रीतसर बिल देत होता. मला त्याचा प्रामाणिकपणा दिसला तो त्या बिलांत. आधी प्रक्रिया शुल्क १५,००० रुपये, मग संस्थेच्या पडताळणीचे ३०,००० व त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४००, त्यानंतर करारनाम्याचा मुद्रांक व नोंदणी म्हणून ४८,०००. शेवटी निधी वळता होईपर्यंतची अनामत म्हणून ७५,०००, ज्यातले ६१,२५० शिमग्यात पालखीच्या वेळी जमले होते आणि उरलेले १३,७५० मी घरातून घातले. एक ध्यानात ठेवा, सीएसआर-१ च्या नोंदणीला सरकारी शुल्क नाही, आणि देणगी देणारा देणगीसाठी अनामत मागत नाही.

दुसऱ्या रकमेच्या वेळी बँकेतल्या मुलीने एनईएफटीची चिठ्ठी हातात धरून विचारले, "काका, बिल कंपनीचं आणि खातं माणसाचं, असं कसं?" मी, जन्मभर इतरांना हाच प्रश्न विचारणारा मी, हसून म्हणालो की ते त्यांच्या सीएचे खाते आहे. तसे मला त्याने सांगितले होते. बिल माझ्याच हातात होते. त्यावरचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राचा म्हणून २७ ने सुरू होत होता, तेवढे मी पाहिले, पण अक्षरे मोजली नाहीत. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि तो १४ अक्षरांचा होता. ती मुलगी क्षणभर थांबली होती. तिच्या त्या थांबण्यात आमचे १,५८,४०० रुपये वाचले असते.

एप्रिलमध्ये त्याचा फोन बंद झाला. नऊ दिवस मी वाट पाहिली, कारण माणूस आजारीही असू शकतो, आणि मग सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली. तोपर्यंत खाते रिकामे होते, त्यामुळे तुम्ही नऊ मिनिटेही थांबू नका. पोलीस ठाण्यात सांगितले की हा सायबर गुन्हा आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला सांगितले की माणूस प्रत्यक्ष येऊन गेला, चिठ्ठी तुम्ही स्वतः भरली, तेव्हा स्थानिक ठाण्यात जा. या येरझाऱ्यांत गाडीभाड्याचे २,३६० रुपये गेले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे हे मी लिहून दिले, तर एका अंमलदाराने विचारले की पैसे कोणी हिसकावले होते का. गुन्हा नोंदला गेला नाही, साध्या अर्जावर शिक्का मिळाला. न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात गेलो, तर खर्चाचा ठराव आधी का केला नाही, असा खुलासा त्यांनी आमच्याकडेच मागितला, आणि त्याला उत्तर द्यायला सात दिवसांची मुदत दिली. चोराला मुदत नाही, आम्हाला आहे. ठराव मात्र खरोखर केलेला नव्हता, हे मान्य करतो. तुम्ही तो करा, आणि तो करताना खजिनदारावर विश्वास ठेवू नका.

ज्या कंपनीचे नाव सांगितले जाते, तिला सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते वाचून थेट तिथेच पत्र लिहायला मला अर्धा तास लागला असता.

विमा मी पदरचे पैसे घालून भरला, रुग्णवाहिका चालू आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका वृद्धसेवा संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी आधी मदत केलेली संस्था म्हणून आमच्या रुग्णवाहिकेचा फोटो दाखवला होता, आणि प्रक्रिया शुल्क १५,००० रुपये सांगितले होते. मी त्यांना बिल समोर घेऊन जीएसटी क्रमांकाची अक्षरे मोजायला सांगितली. त्यांनी फोनवरच मोठ्याने मोजली आणि चौदावर थांबले.