रोज एक पान, रोज एक थोर माणूस: एका सुविचार-कॅलेंडरचे परीक्षण

रोज एक पान फाडायचे, त्या पानावर वरच्या बाजूला एखादे थोर वचन आणि खाली 'ठाऊक आहे का?' या मथळ्याखाली एखादी नवलाची गोष्ट, अशा स्वरूपाचे एक मराठी कॅलेंडर या वर्षी कोल्हापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत दिसत होते. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून ते मी ३२० रुपयांना घेतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला जाता-येता वाचावेच लागेल अशा जागी टांगले. प्रकाशकाचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या जातीच्या बहुतेक कॅलेंडरांना लागू पडेल. निकाल आधीच सांगून टाकतो: पानाचा खालचा अर्धा भाग पैसे वसूल करून देतो. वरचा अर्धा भागही करमणूक करतो, फक्त ती करमणूक प्रकाशकाच्या मनात नसावी.

वचने चांगली आहेत, घोटाळा त्यांच्याखालच्या नावांत आहे. 'असाध्य ते साध्य करिता सायास' एवढेच छापून खाली 'समर्थ रामदास' असे लिहिलेले पान पाहिले तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. या ओळीचा उरलेला भाग 'कारण अभ्यास तुका म्हणे' असा आहे आणि तो बहुधा जागेअभावी गळाला असावा. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालण्याची प्रथा पाळली, त्यामुळे अभंग कोणाचा हे विचारायला दुसरीकडे जावेच लागत नाही. संपादकाने नेमकी तीच सही कात्रीने कापली आणि तिच्या जागी दुसऱ्याची बसवली. भरपाई म्हणून की काय, पुढच्याच आठवड्यात 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' हे समर्थांचे वचन तुकोबांच्या नावावर जमा झाले आहे, त्यामुळे दोघांचा हिशेब निदान बरोबरीत सुटला म्हणायचा.

परदेशी मंडळींची अवस्था याहून अवघड आहे, कारण त्यांच्याकडे नाममुद्रेची सोय नव्हती. फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरच्या नावे जगभर फिरणारे 'तुमचे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने झगडेन' हे वाक्य इव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ मध्ये, त्याच्या वृत्तीचे वर्णन करण्यासाठी लिहिले होते. व्हॉल्तेअर १७७८ मध्येच वारला होता, त्यामुळे आक्षेप घ्यायलाही तो उपलब्ध नव्हता. भुकेल्या प्रजेला केक खायला सांगितल्याचा आरोप फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यावर नेहमीप्रमाणे याही कॅलेंडरात आहे. तसा किस्सा विचारवंत रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका निनावी राजकन्येविषयी लिहिला आहे खरा, पण तो भाग त्याने लिहिला तेव्हा १७५५ साली जन्मलेली ही मुलगी व्हिएन्नात खेळण्याच्या वयाची होती. शेरलॉक होम्सच्या पानावर 'हे तर अगदी सोपे आहे, माझ्या प्रिय वॉटसन' हे वाक्य आहे, आणि कॉनन डॉयलच्या ५६ कथा व ४ कादंबऱ्या मिळून होम्स हे वाक्य जसेच्या तसे एकदाही उच्चारत नाही. ज्याचा सगळा धंदाच पुराव्यावर चालतो, त्याच्या बाबतीत तरी पुरावा तपासायला हवा होता.

सर्वाधिक पाने अर्थातच आइन्स्टाइनला मिळाली आहेत. तेच तेच करून वेगळ्या निकालाची अपेक्षा ठेवणे म्हणजे वेडेपणा, हे वाक्य त्याच्या लेखनात कोठेही सापडत नाही. १९८१ च्या सुमारास ते व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संघटनेच्या पुस्तिकेत छापलेले दिसते, आणि आइन्स्टाइनचे निधन १९५५ मध्ये झाले होते. गांधीजींच्या २ ऑक्टोबरच्या पानावर 'जगात जो बदल पाहायचा आहे, तो तुम्ही स्वतः व्हा' असे आहे. गांधीजींनी १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन' या आपल्या साप्ताहिकात जे लिहिले त्याचा आशय असा की, आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. मूळ मजकूर लांब आहे, त्यात अट आहे आणि जबाबदारीही आहे. कपावर मावणारे वाक्य नंतर कोणीतरी तयार केले.

दुकानदाराच्या कानावर हे घातले, तेव्हा त्याने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर आकडेमोड करता करता उत्तर दिले, "साहेब, लोकं खालचं नाव बघून घेत्यात. वाक्य कोण वाचतंय?" या व्यवसायाचे याहून नेमके विश्लेषण मला करता येणार नाही. उलट बाजूने पाहिले तर 'जगात भारी, कोल्हापुरी' या वाक्याखाली आजवर कोणाचेही नाव कोणी छापलेले नाही. टेम्पोच्या पाठीवरच्या 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' या घोषणेचा कर्ताही कोणी विचारत नाही. ज्या वाक्यात दम आहे ते विनानाव चालते, आणि ज्यात तो कमी पडतो त्याला आइन्स्टाइन लागतो.

बरोबर नाव असलेली वचने नाहीतच असे नाही. 'वेळ म्हणजे पैसा' हे बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला सल्ला देताना खरोखरच लिहिले आहे. हे पान रविवारी आले आणि त्याच सकाळी मिसळीच्या एका हॉटेलाबाहेर आपला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत सहकुटुंब उभे राहण्याचा योग आला. आजूबाजूची गर्दी पाहता फ्रँकलिनचा हा सल्ला शहरात फारसा पोहोचलेला नाही असे दिसले. 'लवकर निजे, लवकर उठे' या आशयाचे इंग्रजी वचनही त्याच्याच नावे दिले आहे. त्याने ते १७३५ च्या आपल्या पंचांगात छापले हे खरे, परंतु ते त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून प्रचारात होते आणि १६३९ च्या एका म्हणींच्या संग्रहात सापडते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळीही म्हैस पिळली जाते आणि संध्याकाळीही, त्यामुळे धारोष्ण दुधासाठी लवकर उठण्याची सक्ती कोल्हापुरात कोणावर नाही, ही गोष्ट फ्रँकलिनला माहीत असण्याचे कारण नव्हते.

लोकमान्यांच्या पानावर 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' अपेक्षेप्रमाणे आहे. ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा मात्र वगळला आहे. वर्षभर रोज वापरता येईल असे वचन एवढे एकच होते.

आता खालच्या अर्ध्या भागाविषयी. हे काम कोणीतरी मन लावून केले आहे. मिरचीवरच्या पानात सांगितले आहे की, तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते आणि दुधातले केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सुटायला मदत करते. जिभेवरचे जे संवेदक खरी उष्णता ओळखतात तेच कॅप्सेसिनने फसतात, म्हणून तिखट 'भाजते', आणि या संवेदकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका घेऊन पाण्याच्या तांब्याकडे धावणाऱ्या पाहुण्यांना मी हे पान फाडून दाखवले आहे. त्यांच्या डोळ्यांतले पाणी थांबेपर्यंत त्यांना ते वाचता आले नाही, हा काही छपाईचा दोष नव्हे.

२९ फेब्रुवारीच्या चर्चेसाठी राखलेले पान सर्वांत सरस आहे. स्वीडनने जुन्या ज्युलियन गणनेवरून आज रूढ असलेल्या नव्या ग्रेगोरियन कालगणनेकडे हळूहळू सरकायचे ठरवले, १७०० चा लीप दिवस गाळला, पुढे १७०४ आणि १७०८ मध्ये गाळायचे राहून गेले, आणि मग सगळेच रद्द करून जुन्या गणनेवर परतण्यासाठी १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी पाळला. एका कॅलेंडरने दुसऱ्या कॅलेंडरची इतकी मनमोकळी निंदा केलेली मी प्रथमच वाचली.

एक तक्रार येथेही आहे. ३१ जानेवारीला, म्हणजे अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव सुरू होतो आणि मावळतीचे किरण देवीच्या चरणांपर्यंत पोहोचतात की नाही याकडे सगळे शहर मान उंच करून पाहत असते त्या दिवशी, पानावर आयफेल टॉवर उन्हाळ्यात सुमारे १५ सेंटिमीटर वाढतो अशी माहिती आहे. माहिती खरी आहे, तारीख चुकली आहे. जुलै-ऑगस्टमध्येही हेच. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यांतला कितवा उघडला, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली का, याची चौकशी तेव्हा घरोघरी होते. याहून नवलाची गोष्ट संपादकाला कोठे मिळणार होती? त्या आठवड्यात त्याने बैलांना लाल रंग दिसत नाही असे सांगितले आहे.

कागद पातळ पण स्वच्छ आहे, अक्षर ठसठशीत आहे. बांधणीचा डिंक पावसाळ्यात ओलावा धरतो, त्यामुळे आजचे पान ओढले की उद्याच्या पानाचा कोपराही हातात येतो आणि थोर माणसाचे आडनाव तेवढे भिंतीवर उरते. संकष्टीची खूण डाळीच्या दाण्याएवढी आहे. आमच्या आईने पहिल्याच महिन्यात नेहमीचे मोठे कॅलेंडर शेजारी लावायला सांगितले आणि ते लावावे लागले.

पुढच्या वर्षीचा गठ्ठा दिवाळीच्या सुमारास दुकानात येतो आणि तो उलटून पाहू देतात. घेण्यापूर्वी २ ऑक्टोबरचे पान काढून पाहावे. गांधीजींच्या नावाखाली तेच वाक्य पुन्हा असेल तर ३२० रुपये पुरे देण्याची घाई करू नये, लक्ष्मीपुरीत घासाघीस चालते.