बदलत्या डायचा सॅम्पलिंग रॉड: दाणेदार मालाला उत्तम, बारीक पावडरीला जपून

ब्लेंडरमधला (पावडरी मिसळायच्या यंत्रातला) माल एकसारखा मिसळलाय का, हे लॅबचा आकडा सांगतो. पण तो आकडा नमुना काढायच्या रॉडने नेमकं काय उचललं त्याचा असतो. गोळ्यांच्या कारखान्यात वापरतात तो एसएस ३१६एल स्टेनलेस स्टीलचा, टोकाला एकच खाच आणि बदलती डाय (नमुन्याचं माप ठरवणारा साचा) असलेला रॉड इथे पाहू.

याची खरी ताकद डायमध्ये आहे. नमुना एक ते तीन गोळ्यांच्या वजनाइतका हवा. गोळी २०० मिग्रॅची आणि मालाची बल्क डेन्सिटी (सैल भरलेल्या मालाचं दर मिलीमागचं वजन) ०.५ ग्रॅम प्रति मिली असेल, तर ०.४ ते १.२ मिलीची डाय लागते. उचललेला माल थेट टेअर केलेल्या (रिकामं वजन आधीच घेतलेल्या) बाटलीत घ्या आणि सगळाच्या सगळा तपासा. जास्त माल काढून लॅबमध्ये चमच्याने वाटू नका. बाटली हलली की बारीक माल खाली झिरपतो, जाड दाणे वर राहतात.

दोष रॉडच्या जातीतलाच आहे: आत जाताना तो वरच्या थरातला माल खाली ओढतो. मोकळे वाहणारे दाणे खाचेत नीट पडतात. चिकट, मायक्रोनाइज्ड (अतिबारीक दळलेलं) औषध मात्र पत्र्याला धरतं, खाच अर्धीच भरते. कमी डोसच्या डायरेक्ट कॉम्प्रेशनच्या (दाणे न बनवता पावडर थेट दाबून गोळी करायच्या) मालात हे फार भोवतं. म्हणून रॉडची खाच बंद ठेवूनच खुपसा, आधी वरचे पॉइंट घ्या, एकाच भोकात पुन्हा जाऊ नका, दर नमुन्यानंतर पुसा.

दहा जागांचे नमुने घेऊन आरएसडी (नमुन्यांमधला सरासरीच्या तुलनेतला फरक) ५ टक्क्यांच्या आत आणि प्रत्येक नमुना सरासरीच्या ±१० टक्क्यांत, हा नेहमीचा निकष. आकडा बिघडला तर लगेच ब्लेंडर फिरवू नका. मॅग्नेशियम स्टिअरेट (माल साच्याला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) पडल्यावर जादा फिरवलं की गोळ्या मऊ पडतात, विरघळायलाही वेळ लावतात. प्रत्येक जागेचे तीन-तीन नमुने हाताशी असू द्या. एकाच जागेचे तीन आपसात जुळत नसतील तर रॉडवर किंवा मालातल्या गुठळ्यांवर संशय घ्या. ते जुळतात पण जागाजागांत फरक आहे, तर मिक्सिंगच कच्चं.

धुताना रॉड पूर्ण उघडा, आतल्या-बाहेरच्या नळीच्या फटीत भुकटी अडकते आणि फिरवताना रॉड जाम होतो. विकत घेताना लांबी ब्लेंडरच्या तोंडापासून सर्वात लांबच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजा. सरळ खोलीवर घेतलेला रॉड तिथवर पोचत नाही.