ड्रमचे स्टड: डायरेक्ट प्रेस की आधी कटर?

फोर्ड मॉडेल ए (1928-31) या गाडीच्या ब्रेक ड्रमचे स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) काढायचेत, प्रेसनं (दाब देणाऱ्या मशीननं) ढकलू की आधी कापू, असं एकाने विचारलंय. आधी हे समजून घ्या की या गाडीत ड्रम हबला (चाकाच्या मधल्या भागाला) धरून ठेवतो तो स्टडच, त्याची कड ड्रमवर दाबून फुलवलेली असते, म्हणजे साधा प्रेसफिट (नुसता दाबून घट्ट बसवलेला) नाहीये तो.

खर्च बघाल तर डायरेक्ट प्रेस जवळपास फुकट, प्रेस बऱ्याच गॅरेजात असतो. कटर म्हणजे स्टडवर बसणारा पोकळ दातेरी कटर, तो बरोबर मापाचा शोधावा लागतो नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो, आणि वेळही जास्त जातो.

पण खरा फरक हबच्या भोकात पडतो. न कापता ढकललं की ती फुललेली कड भोकातूनच ओढली जाते, भोक मोठं होतं, ड्रम वाकतो, मग नवीन स्टड घट्ट बसतच नाही. हातोड्याचं तर नावच काढू नका. कटरने कड उडवली की स्टड कमी जोरात निघतो, फक्त हबला स्टडच्या अगदी जवळ जाड पाइपचा टेकू द्या.

ड्रम भंगारातच जाणार असेल आणि हबही बदलायचा असेल तर खुशाल प्रेस करा. हब वाचवायचा असेल तर कटरच. नवीन स्टड बसवल्यावर ड्रम हबसकट लेथवर फिरवून सारखा करून घ्या, नाहीतर ब्रेक मारताना पेडल थरथरेल.